लेकीच्या घरची नळी

माझ्या भावानं, कल्याणनं, आजवर वीस-बावीस धुराडी फोडली आणि पाच डोकी. त्या पाचांतलं एक माझ्या नवऱ्याचं होतं आणि खरं सांगायचं तर ते फुटायलाच हवं होतं. बाकीच्या चौघांचं मला वाईट वाटतं.

मी बेबीनंदा. वडीगोद्रीत हायवेला लागून माझं चहाचं हॉटेल आहे आणि शेजारीच कल्याणचं पत्र्याचं दुकान. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पेट्या, कोठ्या, टाक्यांची झाकणं, जे जे पत्र्याचं ते सगळं तो करतो. पण लोक त्याला ओळखतात ते चुलीच्या नळीसाठी. गॅस आता घरोघर आहे. तरी भाकरीला आणि आंघोळीच्या पाण्याला चूल लागतेच, आणि चूल आली की धूर आला. तो धूर नळीवाटे छपराच्या वर नेऊन सोडायचा, हे त्याचं काम. दुसऱ्यानं केलेलं हेच काम बघितलं की त्याचं टाळकं सटकायचं.

कोणाच्याही घरी गेला की माणसं आधी बसा म्हणतात. हा बसायचा नाही. अंगणातूनच मान वर करून छपराकडं बघायचा. नळीचं तोंड छपराच्या माथ्याखाली राहिलंय का, म्हणजे वारा सुटला की धूर परत घरात. वरची टोपी तोंडावर टेकलीय का, म्हणजे धुराला बाहेर पडायला फटच नाही. मग आत जाऊन सांधे बघायचा. वरच्या नळीचं टोक खालच्या नळीच्या पोटात जायला पाहिजे. लोक उलटं बसवतात आणि काळं पाणी भिंतीवरून ओघळत राहतं. नळी लाकडी वाशाला चिकटलेली असली की घरमालकाच्या कानाखाली आवाज निघायचा. "घर जाळायचंय का तुला? मंग काडी लाव की! नळी कशाला पाह्यजे?" आणि शेवटी तो नळीला तळहात लावायचा. चूल पेटलेली असताना नळीचा चटका बसला तर धूर वर चाललाय. गार लागली तर घरातच आहे. इंगळांचा, नुसत्या निखाऱ्यांचा वायू तर डोळ्यांना दिसतही नाही, माणूस झोपल्यासारखा मान टाकतो. हे सगळं तो समजावून सांगायचा, पण हातोडी चालवून झाल्यावर.

गिरधारीलाल शेटजींच्या घरचा किस्सा गावात अजून सांगतात. शेटजींचं खाली किराणा दुकान, वर घर. त्यांच्या बायकोला, सुगनबाईंना, बाटी लाकडावरचीच लागते. म्हणून त्यांनी वर चूल घातली आणि शेजारच्या न्हाणीतल्या बंबाची नळी चुलीच्याच नळीत सोडली. दोन जाळांना एक नळी! कल्याण पत्र्याचा डबा पोचवायला वर गेला तेव्हा चूल धडाडत होती, आणि तिचा धूर विझलेल्या बंबातून न्हाणीत उतरत होता. आत त्यांची पाच वर्षांची नात पलक पाटावर बसल्या बसल्या कलंडली होती. कल्याणनं लाथेनं दार उघडलं, पोरीला उचलून गच्चीवर आणलं, सुगनबाईंच्या मांडीवर दिलं, आणि हातोडी घेऊन ती नळी पायथ्यापासून टोपीपर्यंत चेचली. नळी बसवणारा मिस्त्री तिथंच सिमेंट कालवत होता. कल्याणनं त्याच नळीचा तुकडा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे दोन दात सिमेंटात पडले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचे भाऊ गज घेऊन आले. माझ्या हॉटेलासमोरच त्यांनी कल्याणला खाली पाडलं. त्याच्या डोक्याला नऊ टाके पडले. मी उकळत्या चहाची किटली त्यातल्या एकाच्या पाठीवर ओतली, तेव्हा कुठं ते हटले. सुगनबाई आठ दिवसांनी लाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या भावानं आमची पोती, आमची नात वाचवली, ते बिलकुल विसरणार न्हाई. पण असं कोणी मारतं का?" मी हसले. अख्खं गाव हसलं. पोरीचा जीव वाचला होता, त्या दोन दातांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आम्हीच त्याला डोक्यावर चढवून ठेवला, त्यात मी पहिली.

घरातही त्याचा हात असाच चालायचा. माझी वहिनी, पुष्पाबाई, भाकरी करपली म्हणून मार खायची आणि नाही करपली तरी खायची. त्याचा किस्सा मात्र कोणी सांगत नाही. ती काविळीनं गेली तेव्हा त्यांची मुलगी मीना अकरा वर्षांची होती. मीनाला मी वाढवलं. पोर बापासारखी हुशार, आईसारखी मुकी. बापाबरोबर कामावर जायची, पत्रा धरायची, सांधा बघायची. बापाचा आवाज चढला की चुपचाप बाहेर जाऊन उभी राहायची.

कल्याणचा एक नियम होता. नळी बसवून झाली की तो लगेच हातोडी पिशवीत टाकायचा नाही. घरातल्या बाईला चूल पेटवायला लावायचा, दार-खिडकी बंद करायला लावायचा, आणि चुलीसमोर मांडी घालून बसायचा. "करा चहा." त्याच चुलीवर चहा व्हायचा, तो सावकाश बशीत ओतून प्यायचा. चहा संपेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं नाही तर काम पास. आलं तर सगळी नळी उतरवून पुन्हा पहिल्यापासून. चहा न पिता तो कधी कुठून निघाला नाही. एकाच घरातून निघाला.

दोन वर्षांपूर्वी मीना आष्टीला दिली. मुलगा भारत, घरचं शेत, थोरला भाऊ रामराव, सासू उषाबाई. लग्नात फ्रीज, कूलर सगळे देतात. कल्याण म्हणाला, मी लेकीला नळी देणार. सासरच्या मागच्या अंगाला पत्र्याचं स्वयंपाकघर होतं, तिथं त्यानं स्वतःच्या हातानं चूल घातली. चांगल्या जाड पत्र्याची नळी, एकच कोपरा, भिंतीत पक्की, छपराच्या वर तीन हात, टोपी चार बोटं उचललेली. दिवसभर खपला. मी सोबत होते. अशी देखणी नळी त्यानं कोणासाठीच केली नव्हती.

काम झालं तसं उषाबाईंनी विचारलं, "इहीभाऊ, चूल पेटवू का? चहा ठेवते."

कल्याण एकदम मागं सरला. आमच्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, नातवंड होईपर्यंत. आमचे वडील माझ्या दारात यायचे तेव्हा तांब्या बरोबर घेऊन यायचे. कल्याणनंही सकाळपासून आमच्या घरून आणलेल्या बाटलीतलंच पाणी प्यायलं होतं. "न्हाई न्हाई, इहीनबाई, चहा नको," तो म्हणाला. "नातवाच्या बारशाला येतो, तव्हा पितो." सगळे हसले. मीना लाजली. त्यानं हातोडी पिशवीत टाकली आणि आम्ही निघालो.

यंदा थंडीत मीनाला सातवा लागला. फोनवर ती म्हणायची, डोकं ठणकतं, उलट्या होतात, चुलीपुढं बसलं की अंधारी येते. मी म्हणायचे, होतं गं असं. माझ्या अकलेला काय म्हणावं! तिकडं उषाबाई म्हणायच्या, सून नाटकी आहे, भाकरी थापायला बसली की बरोबर हिला चक्कर येते. आधी चार भाकरी तरी दार उघडं टाकून व्हायच्या. थंडी वाढली तसं दार लावून घ्यायला लागले. चूल धूर करते असं घरात कोणी म्हटलं की मीना म्हणायची, "पऱ्हाट्या वल्ल्या हायेत." कापसाच्या काड्या ओल्या आहेत, म्हणून धूर. हे सगळं मला नंतर कळलं.

जानेवारीत एका सकाळी दहाच्या सुमाराला तिच्या शेजारणीचा फोन आला. बाई रडत होती. "भारतनं मीनाला लाथ घातली वो. पोटात. ती चुलीपुढं आडवी झाल्ती, भाकरी तव्यावर जळून गेली, तर हा म्हणला, सोंग करती. आता तिला तिथंच आत ठिवून दार लावून घेतलंय, लोकायला दिसू न्हाई म्हणून. आवाज बी येईना. जल्दी या."

कल्याणला मी एवढंच सांगितलं आणि साहेबरावला जीप काढायला लावली. साहेबराव आमच्याच गावचा, वडापची, सवाऱ्या भरायची जीप चालवतो. तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, आष्टी. कल्याण पुढच्या सीटवर हातोडी मांडीवर घेऊन बसला होता. मी मागून म्हणाले, "कल्याण, आधी पोरीला बघ. मंग काय करायचं ते कर."

"बराबर हाये, अक्का," तो म्हणाला.

जीप उभी राहायच्या आत त्यानं उडी मारली. भारत ओट्यावर बसला होता. जावई सासऱ्याला बघून उठला, नमस्काराला वाकला की पळायला वळला, कोण जाणे. कल्याणनं हातोडी त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला. भारत ओरडत खाली पडला तर कल्याणनं त्याच्या तोंडावर, बरगड्यांवर लाथा घातल्या, एक एक मोजून घातल्यासारख्या. "पोटात मारतो? पोटात? माझ्या पोरीच्या पोटात?" भारतच्या नाकातोंडातून रक्त येत होतं आणि तो हात वर करून "मामा, मामा" म्हणत होता.

घरातून रामराव कुऱ्हाडीचा दांडा घेऊन धावला. पहिला दणका कल्याणच्या कानावर बसला, कान फाटून लोंबला. दुसरा पाठीत. कल्याणनं वळून त्याच्या गुडघ्यावर हातोडी मारली आणि दोघं मातीत लोळायला लागले. उषाबाईंनी येऊन माझी वेणी धरली आणि मला ओढलं. शिव्या तर अशा की माझ्या हॉटेलात ट्रकवाले देत नाहीत. न्हाणीपाशी लोखंडी फुंकणी पडली होती, चूल फुंकायची. मी ती उचलली आणि उषाबाईंच्या मनगटावर हाणली. बांगड्या फुटून त्यांच्याच हातात घुसल्या. पुन्हा हाणली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं त्या फुंकणीतून बाहेर आलं.

साहेबराव जीपजवळून जीव तोडून ओरडला तेव्हा आम्ही थांबलो. "अरे पोरगी कुठंय? कोणी पोरीला बघता का न्हाई? पाव तास झाला!"

पाव तास. मी स्वतः सांगितलं होतं, आधी पोरीला बघ.

स्वयंपाकघराला बाहेरून कडी होती. साहेबरावनंच ती काढली. आत धूर दिसत नव्हता. चुलीत नुसते लालभडक इंगळ होते. मीना चुलीजवळ कुशीवर पडली होती, तोंडाशी उलटी, लुगडं ओलं. ते पाणी नव्हतं. मी तिचे पाय धरले, साहेबरावनं खांदे, आणि आम्ही तिला बाहेर काढून जीपमध्ये घातली. बाहेरच्या वाऱ्यात आल्यावर तिनं एक लांब श्वास घेतला. जिवंत होती.

मी कल्याणला हाक मारायला वळले तर आमच्या मागोमाग आत शिरलेला तो बाहेरच आला नव्हता. त्याचा तळहात नळीवर होता. एका बाजूला कान लोंबतोय, सदरा रक्तानं भिजलाय, आणि हा बाबा नळी तपासतोय. चुलीत एवढे इंगळ, तरी त्याचा हात नळीवर निवांत टेकला होता. नळी गार होती. त्यानं हातोडीनं कोपऱ्याचा सांधा सैल केला, नळी हिसकली, आणि आतून काजळीनं काळाभोर झालेला पोत्याचा बोळा बदकन चुलीवर पडला.

काम करताना सिमेंट आणि पत्र्याचे तुकडे खाली चुलीत पडू नयेत म्हणून कल्याण नळीच्या कोपऱ्यात पोत्याचा बोळा कोंबायचा. आणि चहाची चूल पेटवायच्या आधी काढायचा. इथं चहा झालाच नव्हता. दोन वर्षं तो बोळा तिथंच होता, थोडा धूर विरळ पोत्यातून वर जाऊ देत होता आणि काजळी धरून महिन्यामहिन्याला जास्त घट्ट होत होता.

अंगणात सगळे बघत होते. भारत मातीत पडून बघत होता. उषाबाई रक्ताळलेला हात धरून बघत होत्या. त्याच म्हणाल्या, "हा घ्या तुमचा आहेर."

मी ओरडले तेव्हा कल्याण जीपमध्ये येऊन बसला. बोळा त्याच्या हातातच होता. साहेबरावनं जीप थेट परतूरच्या दवाखान्यात नेली.

मीना वाचली. बाळ गेलं. मुलगा होता. डॉक्टरबाईंनी संध्याकाळी बाहेर येऊन सांगितलं. तोवर रामराव लंगडत भारतलाही त्याच दवाखान्यात घेऊन आला होता. भारतचा हात गळ्यात बांधलेला, एक डोळा बंद. पोलीस येऊन दोन्हीकडचं लिहून घेऊन गेले होते.

कल्याणनं डॉक्टरबाईंची वाट अडवली. "बाई, लाथेनंच गेलं ना? पोटात लाथ घातली यानं. त्यानंच गेलं ना?"

भारत बाकावरून उठला. "धुरानं गेलं ना, मॅडम? घरात वायू कोंडला व्हता. यायनीच नळी बसवली व्हती, यायलाच विचारा."

"लाथच असंल, बाई. लिहा तसं."

"धूरच व्हता."

बाळ जाऊन अर्धा दिवस झाला नव्हता आणि बाप आणि आजोबा त्याचं मरण एकमेकांच्या अंगावर ढकलत होते. मला दोघांचीही किळस आली. डॉक्टरबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "तिच्या रक्तात वायू आहे आणि पोटावर मार आहे," त्या म्हणाल्या. "मला ते वेगळं करून सांगता येणार नाही. आणि आलं असतं तरी तुम्हाला आत्ता सांगितलं नसतं. सरका बाजूला."

मीना शुद्धीवर आली तेव्हा कल्याण आणि मी आत गेलो. कानाला पट्टी बांधलेला तो म्हातारा तिच्या पायाशी उभा राहिला. हो, म्हाताराच. सकाळी नव्हता.

"मीना. बोळा... बोळा माझ्याकडून राह्यला."

"मला ठाव हाये, आबा," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "चूल पहिल्यांदा पेटवली तव्हाच कळलं. तुमच्या हाताखाली पत्रा धरलाय मी. आत बोळा राह्यलाय एवढं कळत न्हाई का मला?"

"मंग काढला का न्हाई?"

"कोपरा भिंतीत पक्का केलता तुम्ही. माझ्यानं निघंना. घरच्यायला सांगावं तर म्हणले असते, बापानं फुटका आहेर दिला. मंग रोज तेच ऐकायचं, अन् मार बी."

"मला सांगायचं मंग. एक फोन करायचा. मला का न्हाई सांगितलं, बाळा?"

मीनानं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. त्याच्या पट्टीकडं, सदऱ्यावरच्या वाळलेल्या रक्ताकडं, सुजलेल्या मुठींकडं.

"सांगितलं असतं तर तुम्ही आले असते," ती म्हणाली.

मग तिनं मान माझ्याकडं वळवली. मी तिच्या कपाळावर हात ठेवायला पुढं झाले होते. "तू बी, आत्या," ती म्हणाली. "मी आत पडल्या पडल्या ऐकत व्हते. तुझा आवाज सगळ्यात मोठा व्हता. मी कडी वाजवायला बघितलं, पण हात उचलंना. मला वाटलं, आता उघडतील, आता उघडतील."

माझा हात तसाच राहिला. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, तेही जमलं नाही.

तिनं नर्सला जवळ बोलावलं आणि सांगितलं, कोणालाच आत येऊ देऊ नका. नर्सनं विचारलं, नवऱ्याला का? मीना म्हणाली, कोणालाच. आम्ही बाहेर आलो. वऱ्हांड्यात एकच बाक होता. त्याच्या एका टोकाला भारत बसला होता. कल्याण दुसऱ्या टोकाला बसला, मी मध्ये बसले, आणि नर्सनं आतून दार लावून घेतलं.